शेनम्यू ३ : घ्यावा का, खेळावा का आणि लोक यावरून एवढे भांडतात का? (सारखे सारखे येणारे प्रश्न)

आमच्या ठाणे-वाशी पट्ट्यातल्या टोळीत गेमची डिस्क एकाकडून दुसऱ्याकडे फिरत असते. शेनम्यू ३ ची डिस्क कळव्याहून निघाली, मग ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळ, आणि जिथे जिथे गेली तिथून मला रात्री अकरानंतर तेच तेच प्रश्न आले. दरवेळी तेवढंच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. यातली मतं माझी आहेत, काही टोळीतल्या इतरांची आहेत, जिथे आमचं जमत नाही तिथे तसं सांगितलंय.

हा गेम नेमका आहे तरी काय?

योकोसुका नावाचं जपानमधलं बंदराचं गाव, साल १९८६. रियो हाझुकी हा कॉलेजच्या वयाचा पोरगा, त्याच्या डोळ्यांदेखत लॅन डी नावाचा माणूस येतो, वडिलांना मारतो आणि घरात लपवलेला ड्रॅगनचा आरसा घेऊन निघून जातो. मग रियो त्याच्या मागावर. पहिला भाग योकोसुकात, दुसरा हाँगकाँग आणि कौलूनमध्ये आणि अगदी शेवटी चीनमधल्या ग्वेलिनच्या डोंगरात. तिसरा भाग दुसरा जिथे संपला त्याच गुहेत सुरू होतो, अठरा वर्षांनी आलेला गेम आणि मधे एक मिनिटही गेलेलं नाही.

हाणामारी आहे पण हा हाणामारीचा गेम नाही हे आधीच डोक्यात ठेवा. दिवसभर गावात फिरायचं, लोकांना विचारपूस करायची, लाकडं फोडून नाहीतर मासे पकडून पैसे कमवायचे, कुंग फूचा सराव करायचा आणि अंधार पडला की घरी यायचं. यात मजा येईल असं वाटत नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही, खरंच.

आधीचे दोन नाही खेळले तर चालेल का?

चालेल म्हणजे गेम सुरू होईल, आत मागची गोष्ट सांगणारा व्हिडिओ पण आहे. पण कोण कुणाचा कोण हे कळूनही काही वाटणार नाही. पहिले दोन भाग एकत्र २०१८ च्या ऑगस्टमध्ये पीएस ४, एक्सबॉक्स वन आणि पीसीवर आलेत, सेलमध्ये स्वस्तात मिळतात. अगदीच वेळ नसेल तर निदान दुसरा तरी खेळा, तो तिघांत सगळ्यात भरगच्च आहे आणि तिसऱ्यावरचा लोकांचा निम्मा राग कुठून आलाय ते त्यातूनच कळतं.

मधे अठरा वर्षं कशी काय गेली?

पैसा. पहिला शेनम्यू १९९९ च्या डिसेंबरात जपानमध्ये सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या गेमिंग मशीनवर आला. खर्चाचा आकडा बरीच वर्षं ७ कोटी डॉलर म्हणून फिरत होता, नंतर खुद्द दिग्दर्शक यू सुझुकींनी ४ कोटी ७० लाख सांगितला, तरी त्या काळात एका गेमसाठी हा वेडेपणाच होता. विक्री साधारण १२ लाख. म्हणजे गेम चालला नाही असं नाही, पण एवढा खर्च निघायला ड्रीमकास्टच घरोघरी असायला हवा होता आणि तो नव्हता. २००१ च्या मार्चमध्ये सेगाने ड्रीमकास्ट बनवणंच बंद केलं आणि दुसरा भाग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच मेलेल्या मशीनवर आला. वरातीमागून घोडं. अमेरिकेत तर ड्रीमकास्टवर आलाच नाही, २००२ मध्ये थेट एक्सबॉक्सवर आला. मग विषय बंद.

आपल्याकडे तेव्हा ड्रीमकास्ट कुणाकडे होता? मी तरी कुणाच्या घरी पाहिला नाही. आमच्यातल्या बहुतेकांनी हा गेम आधी मासिकांतल्या फोटोंत बघितला, मग यूट्यूबवर दुसऱ्या कुणीतरी खेळताना बघितला आणि मग कधीतरी २०१८ नंतर हातात घेतला. म्हणजे "लहानपणीची आठवण आहे म्हणून आवडतो" हे आमच्याबाबतीत लागू नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण पुढे कामाला येईल.

किकस्टार्टरचं ते काय प्रकरण होतं?

जून २०१५, लॉस एंजेलिसचं ई-थ्री प्रदर्शन, सोनीचं स्टेज. त्याच एका संध्याकाळी द लास्ट गार्डियन परत दाखवला, फायनल फँटसी ७ चा रीमेक जाहीर केला आणि मग यू सुझुकी स्टेजवर येऊन म्हणाले शेनम्यू ३ करायचाय, किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर पैसे द्या. मागितले २० लाख डॉलर, ते नऊ तासांच्या आत जमले. महिनाभरात मोहीम संपली तेव्हा ६९,३२० लोकांनी मिळून ६३ लाखांच्या वर डॉलर दिले होते.

भांडण पहिल्या दिवसापासूनच. सोनीच्या स्टेजवर उभं राहून पब्लिककडे पैसे का मागताय, हा एक गट. अरे निदान होतोय तरी, हा दुसरा गट. खरं गणित असं की ६३ लाख डॉलर ऐकायला प्रचंड, पण वर पहिल्या भागाचा खर्च दिलाय तो बघा. त्या पैशात, बाहेरून आणखी मिळाले असतील ते धरूनसुद्धा, आजच्या मोठ्या गेमएवढं काही होणं शक्यच नव्हतं. हे लक्षात ठेवून खेळलं तर बरेच प्रश्न आपोआप गळून पडतात.

मग तारखा. डिसेंबर २०१७ सांगितलेली, ती गेली २०१८ वर, मग ऑगस्ट २०१९, शेवटी १९ नोव्हेंबर २०१९ ला आला.

आणि एपिक स्टोअरवरून शिव्या का पडल्या?

पीसीसाठी पैसे भरलेल्यांना वाटत होतं स्टीम या ऑनलाइन दुकानाची 'की' (गेम उघडायचा कोड) मिळणार. रिलीजला काही महिने उरले असताना जाहीर केलं की पीसीवर वर्षभर फक्त एपिक गेम्स स्टोअर. गेम एकाने विकत घ्यायचा ठरवून पैसे दिलेत, चार वर्षं थांबलाय आणि मग दुकान बदललं म्हणून सांगताय, चिडणारच ना माणूस. आरडाओरड झाल्यावर रिफंडची सोय केली. स्टीमवर गेम बरोब्बर एक वर्षाने, नोव्हेंबर २०२० मध्ये आला. गेमबद्दलची जुनी मतं वाचताना हे ध्यानात घ्या, कारण त्यातली बरीच मतं गेमबद्दल नसून या प्रकरणाबद्दल आहेत आणि दोन्हीची खिचडी झालेली आहे.

लोक याला 'आउटडेटेड' म्हणतात ते खरं का?

हो. शंभर टक्के. प्रश्न असा आहे की त्यातलं काय जुनं आहे आणि काय वाईट आहे, कारण लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात.

जुनं काय? रियो दार उघडायला दारासमोर येऊन उभा राहतो, हात पुढे करतो, मग दार उघडतं, आणि हे दरवेळी. रियो जिच्याकडे राहतो त्या शेनहुआच्या घरात कपाटाचे खण एकेक करून उघडता येतात आणि बहुतेक खणांत कामाचं काहीही नसतं. संवाद दोन वाक्यांत संपू शकला असता तो सहा वाक्यं चालतो, आणि समोरच्याने सांगितलेलं रियो पुन्हा प्रश्न करून विचारतो. "पुलाजवळ." "पुलाजवळ?" "हो, पुलाजवळ." नेरूळचा आमचा एक जण इथेच डिस्क काढून झोपला.

पण हे सगळं २००१ मध्येही असंच होतं, आणि गेम बनवणाऱ्यांनी २०१९ मध्ये ते तसंच ठेवायचं ठरवलं. इंजिन नवीन, अनरियल ४, पण चाल तीच. मला हे आवडतं. घणसोलीतली आमच्यातली एकजण तर म्हणते की दिवसभर आयटी पार्कात डोळे फोडून आल्यावर रात्री तिला अशाच गेममध्ये जायचं असतं जिथे कुणाला कसली घाई नाही आणि मॅपवर शंभर खुणा लुकलुकत नाहीत. तिच्याकडे ही डिस्क सगळ्यात जास्त राहिली, परत मागायला जिवावर यायचं.

वाईट काय ते वेगळं आहे, त्याला खाली दोन प्रश्न दिलेत, एक स्टॅमिनाचा आणि एक फाइटचा.

सारखं लोकांना विचारत फिरायचं यात कसली मजा?

हा गेमचा गाभा आहे म्हणून जरा सविस्तर. समजा गावात मारामारी करणाऱ्या गुंडांचा पत्ता लावायचाय. ॲरो नाही, जीपीएस नाही. रस्त्यात भेटलेल्या बाईला विचारलं तर ती म्हणणार मला नाही माहीत पण दुकानातल्याला विचार, दुकानदार सांगणार काल इकडून गेले, म्हातारा म्हणणार तू कोण, आधी ते सांग. मधेच कुणीतरी भलतंच काही सांगतं. नौपाड्यात एखादी जुनी सोसायटी शोधताना जसं पानवाला सांगतो एक, वॉचमन सांगतो दुसरं आणि गॅलरीतल्या काकू वरून ओरडून तिसरंच सांगतात पण शेवटी आपण पोचतो बरोबर, तसलाच प्रकार. पोचेपर्यंत ती गल्ली पाठ झालेली असते.

गेम सुरू होतो त्या बायलू गावात हे फार छान जमलंय. गाव लहान, तीच माणसं रोज दिसतात, कोण सकाळी कुठे असतो ते कळायला लागतं. दगड घडवणारे कारागीर गावातून गायब होतायत, त्यांच्या घरच्यांना तुम्ही तेच विचारायला दुसऱ्यांदा जाता तेव्हा ते आधीच्यापेक्षा थोडं जास्त बोलतात. इथे लिखाण भारी आहे असं मी म्हणणार नाही, वाक्यं लाकडीच आहेत, पण ओळख वाढतेय असं वाटतं हे मात्र नक्की.

पळालं की एनर्जी कमी होते, हे काय?

डोक्याला शॉट. तिन्ही भाग आवडलेला माणूस म्हणून सांगतो, संपूर्ण गेममधला सगळ्यात चुकीचा निर्णय हा.

कसं चालतं बघा. फाइटमधली तुमची हेल्थ आणि फिरतानाचा स्टॅमिना हे एकच. पळालात की तो उतरतो. उतरला की पळता येत नाही आणि फाइट सुरू झाली तर अर्ध्या हेल्थवर सुरू होते. भरायचा कसा, तर खाऊन. मग दुकानात जायचं, लसूण नाहीतर फळं घ्यायची, मेन्यू उघडायचा, एकामागून एक खायची. लसूण स्वस्त पडतो त्यामुळे एका वेळी ढिगाने कच्चा लसूण खाणारा हिरो बघायला मिळतो आणि पाच मिनिटांनी तो जाऊन शेनहुआशी हळुवार गप्पा मारतो. कळव्याचा आमचा मित्र प्रत्येक वेळी ओरडायचा, "अरे आधी तोंड धू!"

लोक म्हणतात हा जुन्या गेमचा त्रास आहे. अजिबात नाही! पहिल्या दोन भागांत हे नव्हतंच, वाटेल तेवढं पळा. ही नवी भर आहे. आणि गंमत म्हणजे ज्या गेमने तुम्हाला निवांत चालायला शिकवावं तोच गेम इथे पळण्याचा दंड आकारतो, म्हणजे चालणं आवडून चालायच्या ऐवजी पैसे वाचवायला चालायचं. त्यामुळे जेव्हा कुणी "शेनम्यू ३ जुनाट आहे म्हणून बोअर झाला" म्हणतं तेव्हा मी विचारतो की नेमकं कुठे बोअर झालं, आणि दहातल्या आठ वेळा उत्तर हेच येतं.

उपाय: कामावर जाताना चाला, घाई असेल तेव्हाच पळा, खिशात लसूण कायम ठेवा आणि फाइटची शक्यता दिसली की आधी खाऊन घ्या. एंड्युरन्सचं ट्रेनिंग नियमित केलं की पट्टी लांब होते आणि त्रास कमी होतो, जात नाही.

फाइट कशी आहे?

कमी पडते. यू सुझुकी म्हणजे हँग-ऑन, आउट रन आणि व्हर्च्युआ फायटरवाले, आणि शेनम्यूची कल्पनाच मुळात व्हर्च्युआ फायटरवर बेतलेला आरपीजी (पात्राची भूमिका घेऊन कथा खेळायचा गेम) म्हणून सुरू झाली होती. पहिल्या दोन भागांत त्या फाइटचं रक्त दिसतं, फेकणं होतं, वजन होतं. तिसऱ्यात फेकणं गेलं. चार बटणं ठरावीक क्रमाने दाबली की मूव्ह आपोआप होते, वर एका ट्रिगरवर आवडती मूव्ह लावून ठेवता येते. बटण दाबल्यापासून लाथ बसेपर्यंत मधे जो क्षण जातो तो खटकतो. जिंकणं हरणं पुष्कळदा तुमच्या हातापेक्षा लेव्हलवर ठरतं, लेव्हल कमी असेल तर कितीही चांगलं खेळा, मार खाणार.

इथे आमच्यात मतभेद आहे. ऐरोलीचा जो आहे तो म्हणतो हेच बरोबर आहे, पोराने सराव केला नाही तर त्याला जिंकता येऊच नये, कुंग फूच्या गोष्टीत गुरुजी आधी महिनाभर पाणीच भरायला लावतात. मुद्दा पटतो. पण मग सराव झाल्यानंतर तरी हाताला काहीतरी वेगळं जाणवायला हवं ना, नुसता आकडा वाढून काय उपयोग.

ट्रेनिंग रोज करायलाच लागतं का?

करा. सकाळी उठलं की आधी तेच. हॉर्स स्टान्स म्हणजे गुडघे वाकवून बसायचं आणि बटण सांभाळून दाबत तोल ठेवायचा, वन इंच पंच म्हणजे लाकडावर टायमिंगने ठोसा. यांनी एंड्युरन्स वाढतो. डोजोमध्ये, म्हणजे सरावाच्या आखाड्यात, दुसऱ्याशी स्पारिंग केलं की ॲटॅक वाढतो. दोन्ही मिळून तुमची कुंग फूची पातळी. नवीन मूव्हची पुस्तकं विकत किंवा अदलाबदलीत मिळतात, एकच मूव्ह पुन्हा पुन्हा वापरली की ती पक्की होते.

मला हॉर्स स्टान्स बेक्कार आवडतो. काहीच घडत नाही, रियो थरथरत उभा, मागे कोंबडे ओरडतायत, डोंगरावर ऊन येतंय. बायको मागून जाता जाता म्हणाली, "हा उठणार कधी?" आणि तेवढ्यात माझा तोल गेला.

पैसे पटकन कसे कमवायचे?

पटकन नाहीच. बायलूत लाकडं फोडा, येता जाता औषधी वनस्पती तोडत राहा, त्यांचे ठरावीक सेट झाले की विकता येतात नाहीतर पुस्तकांवर बदलता येतात, हेच सगळ्यात फायद्याचं. मासेमारी शांत आहे, पैसे बरे. जुगार आहे, कासवांची शर्यत पण आहे, पण तिथे रोख मिळत नाही, टोकन मिळतात, टोकनची बक्षिसं घ्यायची आणि ती नेऊन विकायची. लांबचा रस्ता.

न्याओवूत, म्हणजे पुढच्या मोठ्या शहरात, गेल्यावर फोर्कलिफ्ट मिळते. ही पहिल्या भागातली लाडकी नोकरी, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या ती परत बघून. आमच्यातला एक तुर्भ्याच्या गोडाऊनला सुपरवायझर आहे, त्याला मोठ्या कौतुकाने कंट्रोलर दिला. त्याने दोन खेपा केल्या, म्हणाला रिव्हर्सला हॉर्न कुठाय, पॅलेट इतका वर धरून कुणी वळतं का, आणि कंट्रोलर परत दिला. "आठ तास हेच बघतो रे, घरी नको."

त्या म्हाताऱ्या मास्तरला दारू आणून द्यायची ती एवढी महाग का?

थोडा स्पॉयलर आहे. बायलूत एक तगडा गुंड हरवता येत नाही, म्हणून एका म्हाताऱ्याकडे मूव्ह शिकायला जायचं आणि तो आधी कोंबड्या पकडायला लावतो, मग जुनी महागडी दारू मागतो. तोपर्यंत कथा जरा वेग पकडत असते आणि इथे घोडं अडतं, कारण खिशात तेवढे पैसे नसतातच आणि मग कितीतरी वेळ नुसती लाकडं फोडा. अनेकांनी गेम इथेच सोडला. पुढे शहरात पण असाच पैशांचा बांध परत येतो. वैताग याचा की पहिल्यांदा गंमत वाटते, दुसऱ्यांदा कळतं की तास वाढवायला पाणी घातलंय.

आधीपासून जमवत या, एवढंच सांगेन. पहिल्या दिवसापासून वनस्पती तोडा.

शेनहुआशी रोज रात्री बोलायचं का? कथेला लागतं का?

लागत नाही, पण बोला. रात्री घरी आलं की विषयांची यादी येते, लहानपण, शाळा, तिचे वडील, योकोसुकाचे मित्र. कुठलाही एक निवडायचा. संवाद लाकडी आहे हे आधीच म्हटलंय तरी पंधरा-वीस रात्रींनंतर त्या दोघांची सवय होते. फोनवरून जुन्या भागातल्या माणसांशी पण बोलता येतं, ज्यांनी पहिला खेळलाय त्यांना तिथे बरं वाटेल.

आवाज इंग्लिश ठेवू की जपानी?

जपानी, सबटायटल लावून. इंग्लिशमध्ये रियोला तोच कोरी मार्शल आहे जो पहिल्यापासून होता, आणि त्या सपाट आवाजाचेही भक्त आहेत. तुम्ही त्यातले आहात का ते पाच मिनिटांत कळेल.

ग्राफिक्स?

निसर्ग सुंदर, माणसं विचित्र. बायलूची संध्याकाळ बघत उभं राहावंसं वाटतं आणि तेवढ्यात कुणीतरी समोर येतं ज्याचं तोंड कार्टूनसारखं फुगवलेलं असतं. मुख्य पात्रांवर मेहनत दिसते.

बायलू चांगलं की न्याओवू?

मला बायलू. न्याओवू नदीकाठचं मोठं शहर, दिवे, दुकानं, देऊळ, हॉटेल, बघायला झकास आणि पहिले दोन दिवस मजा येते. पण माणसं इतकी की कुणाशी ओळख होत नाही, आणि रेड स्नेक्स नावाच्या टोळीमागे लागताना बायलूतलंच सगळं परत होतं, गुंड, हार, मास्तर, पैसे, जिंकणं. ये रे माझ्या मागल्या. कौलूनवाला दुसरा भाग ज्यांनी खेळलाय त्यांना न्याओवू मोठं दिसूनही आत पोकळ वाटतं. वाशीवाल्या दादाचं उलटं आहे, त्याला गावात गुदमरायला झालं आणि शहरात आल्यावर गेम सुरू झाला असं वाटलं.

शेवट समाधानकारक आहे का? (स्पॉयलर न देता सांगा)

नाही. लॅन डीशी गाठ पडते, पण हिशोब मिटत नाही आणि शेवटचे दोन-तीन तास इतके घाईत उरकलेत की लाकडं फोडण्यात घालवलेला वेळ आठवून राग येतो. यू सुझुकींनी स्वतः सांगितलंय की तिसऱ्यानंतर कथा साधारण ४० टक्केच झालीये. अठरा वर्षं थांबलेल्यांच्या तोंडाला पानं पुसली, हे त्यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही. आम्ही तेवढे थांबलो नव्हतो म्हणून आम्हाला कमी लागलं, बस.

त्यापेक्षा याकुझा खेळलेला बरा नाही का?

मौजमजा हवी असेल तर हो, डोळे झाकून. पहिल्या शेनम्यूवर काम केलेले तोशिहिरो नागोशी पुढे २००५ मध्ये याकुझा ही गेमची मालिका घेऊन आले, फाइट खणखणीत, विनोद, कथा पळते. पण याकुझामध्ये तुम्ही एका साइड स्टोरीतून दुसरीत उड्या मारता, दिवस कधी उजाडला कधी मावळला याच्याशी तुमचा संबंध नाही. शेनम्यूत घड्याळ चालू असतं, दुकान बंद होतं, पाऊस लागतो, तुम्हाला थांबावं लागतं. दोन्ही आवडू शकतात. २०२५ मध्ये बाफ्टा या ब्रिटनमधल्या पुरस्कार देणाऱ्या संस्थेने लोकांना सगळ्यात प्रभावशाली गेम कोणता विचारलं तेव्हा पहिला शेनम्यू वर आला, तर आमच्यात दोन दिवस भांडण झालं की हे लायकीने मिळालं की भक्तांनी ठरवून मतं टाकली. दोन्ही असेल.

किती तास लागतात? पीएस ४ की पीसी? डीएलसी घेऊ का?

सरळ गेलात तर पंचवीस-तीस तास, रमलात तर हिशोब नाही. जे आहे त्यावर घ्या, फार फरक नाही. डीएलसी, म्हणजे नंतर वेगळे विकत घ्यायचे जादा तुकडे, तीन आले २०२० च्या सुरुवातीला, बॅटल रॅली, स्टोरी क्वेस्ट पॅक आणि बिग मेरी क्रूझ, एकही गरजेचा नाही. शर्यतीवाला बॅटल रॅली एकदा हसायला बरा.

लहान मुलांसमोर खेळू शकतो का?

रक्त फारसं नाही, जुगार भरपूर आहे. माझा भाचा कासवांच्या शर्यतीसमोर बसला की उठत नव्हता.

मग फुल किमतीत घेऊ का सेलमध्ये?

सेलमध्येच. किंवा कुणाकडून मागून घ्या. बायलूतले पहिले चार तास खेळा, लसूण विकत घ्यायची वेळ येईपर्यंत. तोवर गावात फिरायला मन लागलं असेल तर पुढचं सगळं सहन होतं, नसेल लागलं तर पुढे काही बदलणार नाही, उगाच ओढाताण नको.

चौथा येणार का?

गोष्ट बाकी आहे आणि यू सुझुकींना करायचाय, हे त्यांनी लपवलेलं नाही. २०२२ मध्ये ॲनिमे आली, तेरा भागांची, ती पहिल्या दोन गेमच्या कथेवर होती. २०२५ मध्ये तिसऱ्याचे प्रकाशनाचे हक्क आयनिन गेम्स या कंपनीकडे गेले आणि त्यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती जाहीर केली, म्हणजे कुणाला तरी यात अजून पैसा दिसतोय. माझं म्हणणं एवढंच की चौथा आला तर दारं तशीच हळू उघडू देत, खण उघडू देत, काकूंना दहादा पत्ता विचारू देत, फक्त पळायला फुकट ठेवा आणि फेकणं परत आणा. किकस्टार्टर परत लावलं तर पैसे देणार का असं टोळीत विचारलं, तिघे लगेच हो म्हणाले, तुर्भेवाला म्हणाला आधी फोर्कलिफ्टला हॉर्न बसवा.